दही-साखर

सडक अर्जुनीहून नागपूरला पेशंट नेणारा हा गाडीवाला मान वळवून कधी बोलत नाही. गमछ्याने आरसा पुसतो आणि आरशातूनच झापतो.

माझ्या बायकोला तीन महिने ताप होता. रक्तात काही सापडेना. लपलेलं इन्फेक्शन शोधायला डॉक्टरांनी पेट स्कॅन सांगितलं आणि हे स्कॅन कॅन्सरसाठीच असतं म्हणत नातेवाइकांनी परस्पर कॅन्सर ठरवून टाकला. निघताना काकूने डोळे पुसत तिच्या हातावर दही-साखर ठेवली. तिने ती खाल्ली.

गाडीवाल्याने इंजिन बंद केलं.

"गोड काऊन देल्लं? साखर पोटात गेली तं फोटो बरोबर येत नाही. उद्या जाऊ."

माझं डोकं सणकलं. हा कोण अडवणारा? पण तपासणीच्या कागदावर तेच छापलेलं होतं आणि मी तो वाचलाच नव्हता. सेंटरवाल्यांनीही फोनवर उद्याच बोलावलं.

दुसऱ्या दिवशी तो पहाटेच येऊन आमच्या दारात बसला, काकूच्या हातांवर नजर ठेवून.

निघालं ते पूर्वी हाड मोडलं तेव्हा मांडीत घातलेल्या रॉडभोवतीचं इन्फेक्शन. रिपोर्ट घेऊन परतलो तेव्हा अंगणात माणसं चेहरे पाडून जमली होती. कॅन्सर नाही म्हटल्यावर काहींचा चक्क विरस झाला. एकाने तर विचारलं, "बरोबर पाहलं का पण त्याईनं?"

मला भयंकर संताप आला. गाडीवाला खाली उतरला आणि पहिल्यांदाच समोर तोंड करून बोलला.

"बाईले झोपू द्या. ज्याईले रडाचं असन त्याईनं आपापल्या घरी जाऊन रडा."