छिन्नीचं दुसरं पाणी

लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, पाजवणं म्हणजे धार लावणं. मामंजी लोहार. म्हणाले, "धार चाकूवाला लावतो. आपण पाणी पाजतो, म्हणून पाजवणं." त्यांचं बोलणं असं एक घाव दोन तुकडे.

छिन्नी दोनदा पाणी पिते. तापून लाल झाली की टोक बुडवायचं. त्यानं ती कडक होते, पण काचेसारखी फुटते. म्हणून लगेच बाहेर काढून टोक घासायचं आणि बघत राहायचं. मागची धग टोकाकडे सरकते तसा रंग बदलतो: पिवळा, तांबूस, जांभळा, निळा. जांभळ्यावर दुसरं पाणी. निळा आला की छिन्नी मऊ पडली. रंग दिसावा म्हणून खिडकी अर्धी लावलेली असायची, आणि तेवढा वेळ कुणी ब्र काढायचा नाही. भात्यावरच्या सासूबाई मात्र नेमक्या तेव्हाच खोकायच्या. काढे करून करून मी दमले.

त्या नणंदेच्या बाळंतपणाला गेल्या आणि आठवड्याभरात पाथरवट दारात हजर. सगळ्या छिन्न्यांची टोकं मुडपलेली. "राग मानू नका, पण आता दुसरीकडे बघतो," तो म्हणाला. त्याच्यामागे बाकीचे पाथरवट गेले असते, तर आमची भट्टी विझलीच म्हणायची.

"थोडं थांब," मामंजी म्हणाले. "ही येऊ दे."

सासूबाई आल्यावर मामंजींनी पाथरवटाला बोलावून घेतलं. त्याच्यासमोरच म्हणाले, "मला जांभळा दिसत नाही रे. डॉक्टरांनीही हात टेकले. ही खोकली की मी बुडवायचो."

सासूबाई चपापल्या. "तुम्हाला कळलं होतं?"

"भट्टीपाशीच येणारा खोकला मी दुसरा पाहिला नाही."

भाजीत मीठ जास्त पडल्याचंही कबूल न करणारा हा ताठ माणूस! पण गिऱ्हाइकासमोर आवाज जरासुद्धा हलला नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटला. त्यांनी सांडशी सासूबाईंच्या हातात दिली आणि स्वतः भात्यावर जाऊन बसले.

सासूबाईंनी छिन्नी तापवली, बुडवली, घासली, आणि योग्य रंगावर दुसरं पाणी दिलं. पाथरवटानं ती बाहेरच्या दगडावर ठोकून पाहिली, टोक बोटानं चाचपलं. मग उरलेल्या छिन्न्या आणून त्यांच्याच पुढ्यात ठेवल्या.

दुसरी छिन्नी निखाऱ्यात गेली. मामंजी जोरात भाता मारू लागले.

"अहो, जरा हलक्या हातानं," सासूबाई म्हणाल्या. "माझी छिन्नी जाळाल."