कुलपातलं माउस पॅड

आमच्या ऑफिसात कागद फाइलला लागायचे आणि किस्से मला. घरात मी नवी सून, ऑफिसात नवी कॉम्प्युटरवाली. दोन्हीकडे तोंड उघडायची सोय नव्हती. नुसतं बघत राहायचं. त्यातून हे साठलं.

रंगांचा कारखाना कुंभवलीच्या वेशीला, सासर मुरब्याच्या कोळीवाड्यात. साहेबांनी बजावलं होतं, "सहा महिने बघू. मालाच्या गाड्यांची चलनं कॉम्प्युटरवर वेळेत निघाली तर कायम, नाहीतर पुन्हा टाइपरायटर." सासूबाईंनीही माझ्या नोकरीला तेवढीच मुदत दिली होती. दोघांची कधी भेट झालेली नव्हती.

*

कॉम्प्युटरबरोबर निळं माउस पॅड आलं. हेडक्लार्क सावेकाकांनी ते प्लास्टिकसकट कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"काका, ते माउसखाली घालायचं असतं."

"कळतं मला. पण घातलं तर मळेल ना."

*

टेबलावर काच. तेव्हा माउसच्या पोटात रबरी गोळी असायची. ती काचेवर फिरेचना, नुसती घसरायची. खाली कॅलेंडर ठेवून पाहिलं, फाइल ठेवून पाहिली. पडद्यावरचा बाण समाधी लावून बसलेला. ट्रकवाला दारातून डोकावला, "मैडम, मशीन ने काम घटाया कि बढ़ाया?"

पाच महिने होत आले होते. मी माउसखाली दुसरी फाइल सरकवली.

*

दसऱ्याला यंत्रांची पूजा. सावेकाका बॉयलरपासून निघाले ते हळद, कुंकू, अक्षता वाहत माउसपर्यंत पोचले. दुसऱ्या दिवशी बाण फक्त आडवा चालायला लागला.

पालघरहून मेकॅनिक आला. गोळी काढून त्याने कुंकू पुसलं आणि विचारलं, "पॅड नाही का तुमच्याकडे?"

"आहे की," काका म्हणाले. "त्याचीही पूजा केली. कपाटातच."

*

त्या संध्याकाळी सासूबाई विळीवर बोंबील कापत होत्या. माझं तोंड बघून त्यांनी विचारलं, मी सगळं सांगितलं.

"घसरतो, एवढंच ना? माझी विळी कदी घसरली हाय?"

त्यांनी विळी उचलली. खाली ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा. त्याचाच एक कोपरा त्यांनी कापून दिला. "ने. पन किती धुतलास तरी वास जायचा नाय."

गोळी त्यावर सुरेख पळाली. वासाबद्दलही त्या खरंच बोलल्या होत्या. एसीच्या बंद खोलीत दोन दिवस सगळे एकमेकांचे डबे तपासत होते.

*

सहा महिने भरले. साहेब बघायला येणार म्हणून सावेकाकांनी स्वतः कुलूप काढलं आणि पॅड माउसखाली ठेवलं. प्लास्टिकसकट.

"काका, प्लास्टिक काढू?"

"साहेब गेले की परत ठेवायचंय."

गेटवर गाडी उभी, पाठीशी साहेब, आणि माउस प्लास्टिकवरून घसरतोय. मी मुकाट्याने ड्रॉवरमधून ट्यूब काढली आणि पॅडवर ठेवली. ड्रायव्हरचा चहा संपायच्या आत चलन निघालं.

साहेबांनी हवेत हुंगून पाहिलं. "सावे, वास कसला?"

काकांनी ट्यूबकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वारा मुरब्याकडचा आहे आज, साहेब."

खिडक्या बंद होत्या. साहेबांनी माझ्या कागदावर सही केली.

घरी येऊन सांगितलं, कायम झाले. सावेकाकांचा वाराही सांगितला. सासूबाई विळीकडे वळल्या. विळी उचलून त्यांनी उरलेल्या ट्यूबचा आणखी एक चौकोन कापला, चांगला वीतभर.

"हा त्या सावेंना दे. म्हनावं, कुलपात ठेवा."