आईच्या पोटात दिसलेली गाठ

मी डॉक्टर आहे, रोज लोकांच्या पोटाची सोनोग्राफी करते. संकेत, करणी, कुणाचं दुखणं कुणावर जाणं... असलं काही मी कधीच मानलं नाही. वाद घालायची ताकद आता राहिली नाही, म्हणून घडलं तेवढंच लिहिते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही मूळचे खानदेशातल्या पारोळ्याकडचे. वडील सुरतेजवळ कडोदऱ्याला पॉवरलूमवर जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचे. मी एमबीबीएस करून सुरतेतच रेडिओलॉजी शिकत होते. पर्वत पाटियाजवळ आमच्या सरांचं क्लिनिक होतं. दुपारी पेशंट नसले की तिथे मशीनवर सराव करायला मिळायचा.

मला स्वादुपिंड काही केल्या सापडायचं नाही. जठराच्या मागे ते आडवं पडलेलं असतं – डोकं लहान आतड्याच्या वळणात, शेपटी प्लीहेपर्यंत. पाचकरस आणि इन्सुलिन बनवणारा एवढा महत्त्वाचा अवयव, पण मध्ये गॅस आला की स्क्रीनवर नुसतं धुकं. सर म्हणायचे, आधी त्याच्या मागून जाणारी शीर शोध, आणि पेशंटला पाणी पाज. भरलेल्या जठरातून ते बरं दिसतं.

त्या दिवशी सरावासाठी आईलाच बोलावलं. वडील तिला घेऊन आले आणि पडद्यापलीकडे स्टुलावर बसले. आईला पाणी पाजलं, जेल लावून मशीनचा प्रोब पोटावर टेकवला. शीर सापडली, तिच्यावर स्वादुपिंड... पहिल्यांदाच इतकं स्वच्छ. खूश होऊन मी प्रोब स्वादुपिंडाच्या डोक्याकडे सरकवला, आणि तिथे काळपट, वेड्यावाकड्या कडांची गाठ. शेजारची पित्ताची नळी फुगलेली. नीट दिसावं म्हणून मी जरा जोरात दाबलं.

"धीरे दाब वं माय, दुखस."

आवाज वडिलांचा होता.

आई मान वळवून तिकडे बघायला लागली. तिला काहीच दुखत नव्हतं. मी पडदा सारला तर वडील पोट धरून वाकलेले. विचारलं, तर म्हणाले की बेंबीच्या वर कुणीतरी दाबल्यासारखं झालं आणि तोंडातून निघून गेलं. मी प्रोब कधी दाबला हे त्यांना तिथून दिसणं शक्य नव्हतं.

मी सरांना हाक मारली. त्यांनी बराच वेळ पाहिलं. आईचं स्वादुपिंड अगदी नॉर्मल. गाठ नाही, नळी बारीक. मीही पुन्हा पाहिलं – काही नाही. आतड्याच्या वळणामुळे नवख्यांना असे भास होतात, असं सरांनी समजावलं आणि मला ते पटलंही. पण वडिलांचा चेहरा उतरला होता. मी हट्ट धरला, आता यांनाही झोपवा.

तीच गाठ. तीच जागा, तशाच कडा, तशीच फुगलेली नळी. सरांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

ऑपरेशनला वडिलांचं पोट उघडलं तेव्हा गाठ मोठ्या शिरांना चिकटलेली निघाली. काढता आली नाही. पित्ताला दुसरी वाट करून दिली, तेवढंच. पुढच्या उन्हाळ्याआधी वडील गेले.

त्यांना आधीपासून दुखत असणार आणि ते अंगावर काढत असणार, हे मी समजू शकते. नेमकं त्याच क्षणी दुखणं, हा योगायोग म्हणू. पण आईच्या पोटावर प्रोब ठेवून मी जे पाहिलं, ते काय होतं?

आईचं मात्र ठरलं होतं. चहा पिताना मध्येच थांबून म्हणायची, "ते मनं व्हतं. त्यासनी लई लिधं." माझं होतं, त्यांनी घेतलं. चित्रं काढून काढून मी तिला समजावलं, शेवटी थकले. अधूनमधून ती क्लिनिकवर यायची, माझं पोट बघ म्हणायची. मी बघायचे. सगळं नॉर्मल आहे असं सांगितलं, की टेबलावर पडल्या पडल्या ती रडायची.