भूपालअण्णा आणि माझे कच्चे फोटो

भूपालअण्णांची आणि माझी शेवटची भेट शाहूपुरीतल्या त्यांच्या स्टुडिओत झाली, आणि त्या भेटीत ते माझ्याशी खोटं बोलले. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. पण दीड महिना झाला, चांगलं तेवढंच लिहायचं ठरवून चारदा बसले आणि चारदा उठले... आज जे आहे ते लिहिते.

त्या दिवशी मी माझ्या चंदगडच्या फोटोंच्या मूळ फाईली मागायला गेले होते. पुण्यातल्या एका संस्थेला ते फोटो पुरुषभर उंचीचे छापून प्रदर्शनात लावायचे होते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्या एकटीच्या नावानं काही मागितलं होतं. अण्णा चहात बिस्कीट बुडवत होते. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "सोमवारी काढून देतो की. पळून चाललंय व्हय कुठं?" शनिवारी सकाळी अण्णांच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा, फोन आला. अण्णा आंघोळीला गेले ते परत बाहेर आलेच नाहीत.

अण्णा सीमेकडच्या जैन शेतकरी घरातले. घरात अर्धं कानडी चालायचं, आणि चिडले की ते पूर्ण कानडीत शिरायचे. एकवीस वर्षं आम्ही मिळून लग्नांचे फोटो काढले. पुरुषांकडची बाजू त्यांची, बायकांकडची माझी. मांडवात कितीही मोठी असामी आडवी आली तरी, "ओ पावणं, जरा तिकडं सरका, नवरी झाकाय लागलीया," असं भर गर्दीत ओरडायला ते कचरत नसत. कॅमेरा कसा धरायचा इथपासून मला त्यांनीच शिकवलं. मी त्यांना गुरू मानत होते, आणि हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं.

सात-आठ वर्षांपूर्वी आम्ही रॉ फाईलीत फोटो काढायला लागलो. कॅमेऱ्याला जे जे दिसलं ते सगळं न शिजवता ठेवणारी ही फाईल. अण्णा तिला कच्चा फोटो म्हणत. ते गुऱ्हाळाच्या गावचे, त्यामुळे समजावून सांगायचे तेही तसंच. "वैजू, रस हाय तवर काकवी कर, न्हायतर गूळ कर. एकदा ढेप पडली की रस मागं येत न्हाय." आता हा रस आटवायचा कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये, यावर आमचं वर्षभर भांडण चाललं. एकच फोटो, नवरीचा, लाल शालूतला, आम्ही तीन सॉफ्टवेअरमध्ये तयार केला आणि शेजारी शेजारी छापून टेबलावर मांडला. मला फुकट मिळणारं एक साधं सॉफ्टवेअर आवडलं होतं. त्यात प्रत्येक फोटोशेजारी त्याच्या दुरुस्त्यांची छोटी फाईल पडून राहते. कुठंही उचलून न्या, कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडा. अण्णांना हवं होतं ते दर महिन्याला पैसे भरायचं, सगळे फोटो एका मोठ्या यादीत बांधून ठेवणारं. त्यात शालूचा लाल खरंच लाल दिसत होता, हे मी आजही नाकारत नाही.

माझी भीती एकच होती. ती यादी त्यांच्या कॉम्प्युटरवर राहणार, म्हणजे माझे फोटोही तिथंच राहणार. मी ते तोंडावर बोलले. अण्णा जरा दुखावले. मग म्हणाले, "तुझं-माझं करू नगं. एक नियम करू. मूळ फाईल कुणी पुसायची न्हाय. माझी न्हाय, तुझी बी न्हाय. बास?" मी बास म्हटलं. माझ्या डिस्कवरचं सगळं त्यांच्याकडं उतरवलं, आणि माझी डिस्क रिकामी करून पुढच्या लग्नाला वापरली. एवढा विश्वास मी सख्ख्या भावावरही टाकला नसता.

चंदगडचे फोटो त्यानंतरचे. लग्नसराई संपली की मी एसटीनं तिकडं जायची. काजू फोडणाऱ्या बायकांचे फोटो काढायचे, एवढंच डोक्यात होतं. परत आले की तेही अण्णांच्याच कॉम्प्युटरवर उतरवायची. त्या टरफलाच्या चिकानं हात काळे पडतात, सालपटं निघतात, सणाला मेंदी लावली तरी दिसत नाही. पारूमावशी नावाची एक म्हातारी कॅमेरा दिसला की हात पदराखाली घ्यायची. मी तीन खेपा नुसती बसून राहिले. चौथ्या खेपेला तिनं आपणहून हात पुढं केले. "घे बाई. ह्या हातांनी चार पोरं जगवल्यात, लाजू कशाला?" माझ्या सगळ्या कामातला तो एक फोटो. दुसरा तसा नाही.

पुढं एका दुकानाच्या कॅलेंडरसाठी अण्णांनी तो घेतला आणि पारूमावशीचे हात उजळ करून टाकले. मी तणतणले. ते हसले. "भिंतीवर काळं हात कोन लावतंय? मूळ हाय न्हवं? कवाबी उघड, पुन्यांदा काळं कर." मूळ आहे म्हणून मी गप्प बसले.

ते गेल्यावर पंधरा दिवसांनी वहिनींनी स्टुडिओची किल्ली माझ्या हातात दिली. मी यादी उघडली. चंदगडचे सगळे फोटो होते, काडेपेटीएवढे, ओळीनं मांडलेले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक खूण. पारूमावशीवर टिचकी मारली आणि उत्तर आलं : मूळ फाईल सापडत नाही. मी सगळ्या डिस्क पालथ्या घातल्या. दोन दिवस शोधलं. माझं जुनं एकही मूळ उरलेलं नव्हतं, लग्नांचंही नाही. त्यांचं मात्र झाडून सगळं होतं. रॉमध्ये अगदी पहिल्या दिवशी घेतलेला, हललेला, कुठल्याशा खुर्चीचा फोटोसुद्धा! आणि माझ्या फोटोंच्या बाजूला त्यांनी केलेल्या दुरुस्त्यांची यादी जशीच्या तशी. हात उजळ, अजून उजळ, कडा मऊ.

फोटो माझे, आणि उरल्या त्या त्यांच्या दुरुस्त्या. मला त्यांचा इतका राग आला की हार घातलेल्या त्यांच्या फोटोकडं बघवेना. डिस्क भरली असेल, जागा हवी असेल, मान्य. मग मला एक फोन करता येत नव्हता? माझं सगळं पुसून मला "सोमवारी देतो" म्हणणारा हा माणूस मी एकवीस वर्षं ओळखत होते का, हेच मला कळेनासं झालं. पुण्याला मी खरं ते कळवलं. त्यांनी दुसऱ्या कुणाचे तरी फोटो लावले.

परवा स्टुडिओत नव्या लग्नाचे फोटो उतरवायला बसले, तर डिस्क भरलेली. अण्णांच्या सगळ्या मूळ फाईली मी निवडल्या. बोट पुसायच्या कळीवर होतं... लपवून काय करू, पुसायचंच मनात होतं. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या आणि पडद्याकडं बघत म्हणाल्या, "त्यांचं हाय न्हवं सगळं?"

"हाय वैनी. माझं न्हाय. माझं त्यांनी पुसलं."

वहिनींनी कप टेबलावर ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "मला ठावं हाय. दोन वर्सं झाली. त्या दिशी जेवलं न्हाईत. वैजूला सांगतो, सांगतो म्हनत ऱ्हायलं, आन् धाडसच झालं न्हाय त्यास्नी."

हे ऐकून मन निवायला हवं होतं. उलट जास्तच लागलं. दोन वर्षं त्या घरात दोघांना माहीत होतं आणि मी तिथं येऊन चहा पीत होते. वहिनींनी आणलेला चहा तेवढा प्यायले.

दुसऱ्या दिवशी नवी डिस्क आणली आणि अण्णांच्या सगळ्या मूळ फाईली तिच्यात उतरवल्या. एकही सोडली नाही, तो खुर्चीचा फोटोही नाही. माफ केलं म्हणून नाही. मी अजून माफ केलेलं नाही, करेन असंही वाटत नाही. पण नियम आम्ही दोघांनी केला होता, आणि आता तो पाळायला मी एकटीच उरले आहे. ती डिस्क त्यांच्या टेबलाच्या वरच्या खणात आहे. तिच्यावर पट्टी चिकटवून मी माझ्या हातानं लिहिलंय : भूपालअण्णा, मूळ. कुणी पुसू नये.