लाल खुर्चीत बसलेली बाई

त्या दिवशी हॉस्पिटलच्या लाँड्रीत आम्ही चौघी होतो. मी, पंजाबी सुरिंदर, आयरिश मॉरीन, आणि ती म्हातारी इंग्लिश बाई. तिचं नाव मी कधी विचारलंच नाही. बहात्तर-त्र्याहत्तर साल असेल, लंडनजवळच्या स्लाऊ गावातली गोष्ट.

ती वीस वर्षं उभ्यानं इस्त्री करत होती. पाय सुजले की बुटाच्या नाड्या सोडून ठेवायची. स्टूल मागितलं की सुपरवायझर म्हणायचा, जागा नाही. त्या सकाळी मात्र लाल मखमली खुर्ची आली, कारण राजघराण्यातली कुणी बाई पाच मिनिटं लाँड्री बघायला येणार होती.

बाहेर मोटार थांबली तशी मी ओल्या फरशीवर चपला काढल्या. लहानपणी आमच्या संस्थानात राजाची मोटार दिसली की अनवाणी व्हायचं, तीच खोड.

म्हातारी फिस्सकन हसली. "चपला घाल, लव्ह," आपण 'बाळ' म्हणतो तसं ती म्हणाली. "सर्दी तुला होईल, तिला नाही." आणि सरळ जाऊन त्या खुर्चीत बसली.

"ऊठ! ती पाहुण्यांची आहे!" सुपरवायझर ओरडला.

"तिला निवडून दिलंय कुणी? ती नुसती जन्मली, तर तिला खुर्ची. मी राबले, तर मला जागा नाही. असलं राज्य घडी करून कपाटात ठेवा."

पाहुणी आली, दारातूनच हसली, गेली. संध्याकाळी म्हातारीला कामावरून काढलं. मी तोंड उघडलं नाही. घरी तीन पोरं होती.

राणी ठेवायची का काढायची, ते तुम्ही शिकलेले ठरवा. पण तुमच्याकडे कुणी उभ्यानं राबत असेल, तर तिला आधी एक स्टूल द्या.