पाणी धरणारी घोंगडी

भिंगारच्या बाजारात माझ्याएवढं मोठं तोंड दुसऱ्या कुणाचं नव्हतं. मी गोरक्ष, जातीचा सणगर, धंदा घोंगड्या विणायचा. पण मला जवळून ओळखणारे म्हणायचे, गोरक्ष घोंगडी विणतो कमी आणि सांगतो जास्त. मला राग यायचा. कारण ते खरं होतं.

बाजाराच्या दिवशी माझा एक खेळ ठरलेला असे. चार गिऱ्हाइकांच्या हातात घोंगडीची चार टोकं द्यायची, मध्ये झोळ पाडायचा आणि त्यात घागरभर पाणी ओतायचं. मग मी ओरडायचो, "खाली हात लावून बघा! थेंब पडला तर घोंगडी तुमची! ह्यो गोरक्षाचा हात हाय, हात!" माणसं खालून हात लावून बघायची. तळहात कोरडा. मी असा मान उडवायचो, की जणू गोदावरीवर धरण मीच बांधलंय.

घरात बायको होती, बनुबाई. ती चरख्यावर लोकरीचं सूत काढायची, चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून त्याची खळ करायची आणि मागावर ताणलेल्या सुताला ती कुंच्यानं लावायची. अशी किरकोळ कामं तिच्याकडे होती. खरं काम माझं. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि धोटा इकडून तिकडे फेकायचा. निदान माझी तरी तशी समजूत होती.

बहात्तर सालच्या दुष्काळानं या खेळाला खीळ घातली. धनगर मेंढरं घेऊन लांब निघून गेले, लोकर मिळेना. बाजारात पाण्याचा खेळ करायला जावं तर बायाबापड्या अंगावर धावून यायच्या. "मुडद्या, हितं प्यायला पानी न्हाई आन तू घोंगडीला पाजतोस व्हय?" त्यात भिंगारला लष्कराची छावणी. तिथली जुनी ब्लँकेटं बाजारात ढिगानं येऊन पडायची. लोक ती घ्यायचे आणि माझ्याकडे बघून नुसते हसायचे.

अशात कुठल्याशा खात्याचे एक साहेब जीप घेऊन आमच्या दारात आले. पुण्याला हस्तकलेचं मोठं प्रदर्शन भरणार होतं, त्यात गावोगावचे कारागीर आपला माल मांडणार होते. साहेबांनी माझी घोंगडी बोटांनी चिवडली, नाकाशी नेली आणि लगेच लांब धरली. म्हणाले, "शहरात हे असं चालणार नाही. टोचतं. वासही येतो. गिरणीचं मऊ सूत वापरा, रंगीत करा, आणि ती खळबीळ काही लावू नका."

मला वाटलं, देव पावला. मी नगरच्या पेठेतून गिरणीचं रंगीत सूत आणलं, लाल आणि पोपटी. बनुबाईनं ते हातात घेऊन बघितलं, न बघितल्यासारखं केलं आणि विचारलं, "मंग मी काय करू?"

"तू आराम कर," मी मोठेपणानं म्हणालो.

तिनं चरखा उचलून आढ्याला टांगला. त्यानंतर आठवडाभरात तिनं कोपरगावला भावाकडे निरोप धाडला. भाऊ छगन तिथल्या साखर कारखान्यात होता. त्यानं उलट निरोप दिला, दाजींसाठी रखवालदाराची जागा बघून ठेवलीय. मी भडकलो. सात पिढ्यांचा माग सोडून मी काठी घेऊन उसाच्या गाड्या मोजू? बनुबाई शांतपणे म्हणाली, "पुन्याला जाऊन या. घोंगड्या खपल्या तर माग ऱ्हाईल. न्हाई खपल्या तर छगन न्यायला येनार हाय. म्या त्याला तसा शबूद दिलाय."

मला वाटलं, दुष्काळानं घाबरली बिचारी. तिच्या मनात दुसरं काय असेल याचा विचार करायला तोंड बंद ठेवावं लागतं, आणि ती सवय मला नव्हती.

तर मी लाल-पोपटी घोंगड्यांचं गाठोडं घेऊन पुण्याला गेलो. अंथरूण-पांघरूण म्हणून माझी जुनी काळी घोंगडी खांद्यावर होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी विणलेली, ताठ, आणि वासाची म्हणाल तर एसटीत माझ्या शेजारी कोणी बसलं नाही.

प्रदर्शनाच्या मांडवात माझ्या एका बाजूला पितळेचे दिवे, दुसऱ्या बाजूला लाकडी बाहुल्या. तिथं गर्दी. माझ्यापाशी लोक यायचे, घोंगडी चाचपायचे, "ब्लँकेट का हो हे?" असं विचारून पुढे जायचे. एका बाईनं पोपटी घोंगडी खिडकीला पडदा म्हणून कशी दिसेल ते लांबून डोळे बारीक करून बघितलं आणि बरी दिसणार नाही असं ठरवलं. दोन दिवस असेच गेले. घोंगडी एक खपली नाही. डोळ्यांसमोर मला कारखान्याचं फाटक दिसायला लागलं.

तिसऱ्या दिवशी मांडवामागं नळ दिसला. नळ चालूच होता, पाणी नुसतं वाहून जात होतं. भिंगारचा माणूस मी, वाहतं पाणी बघून माझं डोकं फिरलं. उठलो, बादली भरून आणली आणि घसा खाकरून बाजारातली आरोळी ठोकली. "या, या! गोरक्षाची घोंगडी बघा! पानी ओता, थेंब पडला तर घोंगडी तुमची!"

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. लोक धावले. चौघांच्या हातात चार टोकं दिली. एका टोकाला एक ठेंगणी, चष्मेवाल्या बाई होत्या, पांढरं पातळ नेसलेल्या. मी ऐटीत बादली उचलली. पाणी ओतता ओतता मनात लख्ख आठवलं, ही घोंगडी गिरणीच्या सुताची आहे आणि हिला खळ लावलेली नाही. पण हात थांबेना. इतक्या वर्षांत तोंडाच्या मागं धावायची त्याला सवय झालेली.

पाणी थांबलं नाही. आपल्याला काही अडवायचं असतं हेच त्या घोंगडीला ठाऊक नव्हतं. सगळी बादली चष्मेवाल्या बाईंच्या पायांवर गेली, पातळाचा घोळ भिजला, चपला तरंगल्या. मांडव हसून हसून लोळायला आला. बाहुल्यावाला तर बाहुल्या सोडून बघायला आला होता.

बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "थेंब पडला. घोंगडी आता माझी ना?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. माझ्या अंगाची आग आग झाली. मी टेबलाखालून माझी काळी घोंगडी ओढून काढली आणि ओरडलो, "धरा! हिला धरा आता!" लोकांनी गंमत म्हणून धरली. बाईही पुन्हा टोक धरून उभ्या राहिल्या, फक्त या खेपेला पाय जरा लांब ठेवून. मी दुसरी बादली ओतली. झोळात पाणी डुचमळत राहिलं. लोक वाकून बघायला लागले. बाईंनी खालून तळहात लावला. कोरडा.

हशा थांबला. एकदोघांनी टाळ्या वाजवल्या. मी मान उडवायच्या बेतात होतो, तेवढ्यात बाईंनी विचारलं, "या दोन्ही तुम्हीच विणल्या?"

"व्हय."

"एकाच मागावर?"

"एकाच."

"मग फरक कशाचा?"

एवढा साधा प्रश्न मला जन्मात कोणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता. माग तोच. खड्डा तोच. गोरक्षाचा तो जगप्रसिद्ध हातही तोच, दोन्हीकडे. मी उभा राहून पाण्याकडे बघत होतो आणि कानशिलं तापत होती. इतकी वर्षं भर बाजारात मी ज्या हाताची जाहिरात केली तो माझा नव्हताच. आणि ज्याचा होता त्याला मी आराम करायला सांगून आलो होतो.

"हिचं सूत आमच्या मंडळीनं काढलंय," मी म्हणालो. "खळ बी तिचीच."

"नाव काय त्यांचं?"

आता आली पंचाईत. आमच्याकडे बायकोचं नाव चारचौघांत घेत नाहीत. 'मंडळी', 'कारभारीण', फार तर 'अगं ए'. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं होतं, त्यानंतर ते मी जणू पेटीत घालून ठेवलं होतं. गर्दीतली एक पोरगी ओरडली, "उखाणा घ्या, उखाणा!" सगळ्यांनी तेच धरलं. अख्ख्या बाजाराला बोलून गप्प करणारा मी, पण यमक म्हणून एक सुचेना. शेवटी खाली मान घालून नुसतंच म्हणालो, "बनुबाई. भिंगारची."

पुढं काही घडलं नाही. लोक पांगले. बाई आपली बक्षिसाची घोंगडी पिळून घेऊन गेल्या. काळी मी विकली नाही, कारण कुणी मागितलीच नाही. तीच ओली घोंगडी खांद्यावर टाकून मी परत निघालो. भिजल्यावर तिचा वास असा सुटला की कंडक्टरनं मला मागच्या दारापाशी उभं केलं.

घरी पोचलो तर मागाच्या खड्ड्यात बनुबाईनं बाभळीचं सरपण भरून ठेवलेलं.

"किती खपल्या?" तिनं विचारलं.

"एक बी न्हाई. एक फुकट गेली." मग मी सगळं सांगितलं. बादली, बाईंच्या चपला, काळी घोंगडी. ती ऐकत होती. शेवटी मी म्हणालो, "आन तिथं म्या तुजं नाव घेतलं. सांगितलं, हे सूत बनुबाईचं हाय."

ती म्हणाली, "तुमी? माजं नाव? चारचौघांत?" आणि पदर तोंडाला लावून हसली. "काई बी सांगता. छगन बेस्तरवारी येनार हाय. कापडं बांधून ठेवा."

आयुष्यभर थापा मारल्या तेव्हा लोकांनी माना डोलावल्या. एकदा खरं बोललो तर घरच्या माणसानं हसण्यावारी नेलं. पण त्या दिवशी मला हेही कळलं, की तिला दुष्काळाची भीती नव्हती. तिच्या हाताला मीच घरात जागा ठेवली नव्हती, मग तिनं मागाला तरी का ठेवावी? हे तिला सांगावं असं फार वाटलं. पण माझ्या बोलण्याची पत इतकी घसरलेली, की मी मुकाट्यानं कापडं बांधायला घेतली.

गुरुवारी छगन आला तो एकटा नाही. त्याच्याबरोबर त्या चष्मेवाल्या ठेंगण्या बाई. मला वाटलं, चपलांचं काहीतरी निघालं.

झालं होतं असं. हन्नाबाई त्यांचं नाव. नगरच्या मिशनातल्या मुलींच्या वसतिगृहावर त्या देखरेख करायच्या. माझं नाव त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं, म्हणून सकाळपासून भिंगारच्या बाजारात विचारत होत्या, बनुबाईंचं घर कुठलं? कुणाला ठाऊक असणार? सगळ्यांना ठाऊक होती ती गोरक्षाची बायको. एकानं त्यांना भाजीवाल्या बनुबाईकडे धाडलं, दुसऱ्यानं वारलेल्या बनुबाईच्या लेकाकडे. शेवटी वैतागून त्या एसटीच्या थांब्यावर आल्या आणि गाडीतून उतरणाऱ्या माणसालाच विचारलं. तो नेमका छगन. आम्हाला भिंगारातून न्यायला आलेल्या माणसानंच त्यांना आमच्या दारात आणून सोडलं.

"तुम्हीच का बनुबाई?" हन्नाबाईंनी विचारलं.

बनुबाईनं आधी माझ्याकडे बघितलं.

"व्हय," ती म्हणाली. "मीच."

"आमच्या मुलींना थंडीत पांघरायला घोंगड्या हव्यात. त्या काळ्या घोंगडीसारख्या. तुमच्या सुताच्या, तुमच्या खळीच्या. ती दुसरी मऊ होती ती आमच्या मांजरीनं घेतली."

बनुबाई गिऱ्हाइकाशी कधी बोलली नव्हती. पण अशी बोलली, की मी ऐकत राहिलो. "वास येतो खळीचा, आदीच सांगते. अंगाला टोचतं बी."

"टोचू दे. ऊब असली की पोरींना झोप लागते."

"लोकर मिळंना झालीय. पन म्या माळ्यावर दोन पोती राखून ठेवल्यात."

हे मलाही ठाऊक नव्हतं. दुष्काळात लोकर नाही म्हणून मी बाजारभर रडत फिरलो, आणि दोन पोती माझ्या डोक्यावर होती!

"अन् विणणार कोण?" हन्नाबाईंनी विचारलं.

बनुबाईनं माझ्याकडे बोट केलं. "हे हायेत. हात बरा हाय त्यांचा."

बरा! भिंगारपासून पुणतांब्यापर्यंत मी ज्याचा डंका पिटला, त्या हाताची हीच खरी किंमत. पण खरं सांगतो, मांडवातल्या टाळ्यांपेक्षा मला तो 'बरा' जास्त गोड लागला.

छगन म्हणाला, "आन दाजींच्या नोकरीचं काय?"

"तू कर," बहीण म्हणाली.

हन्नाबाई निघता निघता हसून म्हणाल्या, "पुण्यात यांना उखाणा घ्यायला लावला होता. जमलाच नाही हो."

"म्हंजी खरंच घेतलं हुतं नाव?" बनुबाईनं विचारलं. हन्नाबाईंनी मान हलवली. बनुबाईनं पदर डोक्यावरून नीट घेतला, आढ्याचा चरखा काढायला हात वर केला आणि त्याच्याकडेच बघत म्हणाली,

"खळ माजी दाट, सूत माजं ताठ,
गोरक्षरावांच्या तोंडाला न्हाई कुटंच गाठ."

छगन असा हसला की त्याला ठसका लागला. मी खड्ड्यात उतरलो आणि सरपण बाहेर काढायला लागलो.