तिसरी चावी

तुमसरच्या बसस्थानकाजवळ चाव्या बनवणारा एक माणूस बसतो. जुन्या गाड्यांच्या चाव्या तो कानशीने घासून देतो, नव्यांसाठी त्याच्याकडे मशीन आहे. बोलतो तो चावीकडे पाहून, माणसाकडे नाही. माझ्या गाडीच्या दोन चाव्यांपैकी एकीने गाडी चालू होईना, म्हणून मी गाडी आणि दोन्ही चाव्या घेऊन गेले.

मशीन गाडीला जोडून तो थांबला.

"ताई, तीन चाव्या दाखवून राहिली."

"दोनच आहेत. गाडी नवी घेतली तेव्हापासून."

"जुन्या गाडीले काई समजत नव्हतं. नवी मोजून ठेवते. तिसरी कोनाजवळ हाय?"

मी एकटी राहते आणि गाडी कुणाला देत नाही. म्हटलं, "या दोन ठेवा, तिसरी पुसून टाका."

"पुसतो. मंग तिनं गाडी चालू नाई होनार. दार मात्र उघडन."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात गाडी जागेवरच होती, दारंही बंद होती. चालकाच्या सीटवर एक चावी ठेवलेली होती. ती घेऊन मी तडक त्याच्याकडे गेले. माझी चावी आणि ती, दोन्हींच्या खाचांवरून त्याने अंगठा फिरवला. मग पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"तुमच्या चावीपेक्षा हे वापरून जास्त झिजली हाय, ताई."